गाठ साधी, पण जबड्यातली

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो. 'कर्करोग नाही' हे वाचून घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव येतो. आणि त्याच दिवशी सर्जन सांगतात, की खालच्या जबड्याचा एक मोठा तुकडा काढावा लागेल, त्या जागी पायाचं हाड बसवावं लागेल, शस्त्रक्रियेला आख्खा दिवस जाईल. 'कर्करोग नाही, तर मग एवढं कशासाठी?' असं कुणीही विचारेल. याच्या नेमकं उलटही घडतं. दाताच्या तपासणीसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये तीन-चार दातांच्या मुळाशी काहीतरी भलतंच दिसतं, पेशंटची झोप उडते, आणि डॉक्टर शांतपणे म्हणतात, 'याला हात लावायचा नाही. वर्षानं पुन्हा फोटो काढू.'

हे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. घोळ होतो तो 'साधी गाठ' या शब्दामुळे. गाठ साधी आहे याचा अर्थ एवढाच, की ती रक्तातून किंवा लसिकाग्रंथींतून शरीरात दुसरीकडे जाऊन रुजत नाही. ती आहे त्या जागी किती हाड खाईल, काढल्यावर पुन्हा येईल का, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. जबड्यातल्या साध्या गाठींचे कितीतरी प्रकार आहेत. एखादी आयुष्यभर तोंडात राहिली तरी बिघडत नाही, एखादी तासाभरात काढून विषय संपतो, आणि एखादी हाडाच्या जाळीत गुपचूप शिरत राहते. म्हणून या आजारात गाठीचं नेमकं नाव कळणं हाच अर्धा इलाज आहे. नाव न कळता मोठी शस्त्रक्रिया करणं जितकं धोक्याचं, तितकंच नाव न कळता 'साधीच आहे, खरवडून टाकू' म्हणणंही.

जबड्यातच एवढे प्रकार का?

मांडीच्या किंवा दंडाच्या हाडातही गाठी होतात, पण जबड्याइतकी विविधता तिथं नाही. कारण जबडा दात घडवतो. दुधाचे २० आणि कायमचे ३२ असे ५२ दात या दोन हाडांत तयार होतात. गर्भावस्थेतच तोंडाच्या अस्तराचा एक पदर हाडात उतरतो, त्याला कळ्या फुटतात, आणि एकेका कळीतून एकेक दात आकाराला येतो. घर बांधून झालं की वाळू-विटा थोड्याफार उरतात, तसं दात तयार झाल्यावर या पेशींचे पुंजके हिरडीत, हाडात, मुळांभोवती मागे राहतात. मुळांभोवतीच्या अशा पुंजक्यांचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी १८८५ च्या सुमारास केलं आणि आजही ते त्यांच्याच नावानं ओळखले जातात. बहुतेकांच्या तोंडात ते जन्मभर निपचित पडून असतात. क्वचित एखादा पुंजका पुन्हा वाढू लागतो. अशा पेशींपासून होणाऱ्या गाठींना दंतजन्य गाठी म्हणतात.

दुसरं कुटुंब हाडाचं स्वतःचं. यात हाड बनवणाऱ्या, हाड झिजवणाऱ्या किंवा हाडातल्या तंतूंच्या पेशींचा हिशोब चुकलेला असतो. या गाठी इतर हाडांतही होऊ शकतात, पण काही जबड्यावर विशेष मेहेरबान असतात.

शिवाय जबड्याची रचनाही अवघड. खालच्या जबड्याच्या पोटातून एक नस जाते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना तिच्यामुळे असते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर हवेची पोकळी असते, तिच्यावर डोळ्याची खोबण, आणि मागे कवटीचा तळ. त्यामुळे खालच्या जबड्यात सुपारीएवढी गाठ झाली तर फुगवटा तरी दिसतो. वरच्या जबड्यात तेवढीच गाठ त्या पोकळीत आरामात मावते आणि बाहेर पत्ता लागू देत नाही.

दुखत नाही, हीच अडचण

या गाठी बहुधा दुखत नाहीत. माणूस दुखलं की डॉक्टरकडे जातो, आणि इथं दुखणंच नसतं. हाड महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं हळूहळू फुगत राहतं. रोज आरशात बघणाऱ्याला ते कळत नाही. खूप दिवसांनी भेटलेला कुणी म्हणतो, 'गाल एका बाजूला सुजलाय का रे?' दोन दातांमध्ये अचानक फट पडते. वर्षानुवर्षं नीट बसणारी कवळी घट्ट व्हायला लागते. मुलाचा पुढचा एक दात येऊन वर्ष झालं तरी शेजारचा यायचं नाव घेत नाही. गाठ मोठी झाली आणि तिच्यावरचं हाड कागदासारखं पातळ झालं, की बोटानं दाबल्यावर अंड्याचं कवच दाबल्यासारखं कुरकुरतं. पुष्कळ गाठी तर यातलं काहीच घडायच्या आधी, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत सापडतात.

काही लक्षणं मात्र वेगळी आहेत आणि ती दिसली तर वाट बघू नये. खालचा ओठ किंवा हनुवटी विनाकारण बधिर होणं, गाठ काही आठवड्यांत भराभर वाढणं, गाठीवरची हिरडी फाटून न भरणारी जखम होणं, सतत ठणका लागणं. साधी गाठ नसेला बाजूला ढकलते, सहसा तिला मारत नाही. त्यामुळे बधिरपणा आला की कर्करोगाची शंका आधी दूर करावी लागते.

एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन. मोठ्या माणसाची एखादीच दाढ हलायला लागली, हिरडीचा आजार नाही, मार लागलेला नाही, तर एक्स-रे काढल्याशिवाय ती उपटू देऊ नका. दात हलतोय कारण खालचं हाड गेलंय, आणि हाड का गेलंय हे बघायला दोन मिनिटं लागतात. दात उपटला की गाठीला तोंडात उघडा रस्ता मिळतो, तिथं जंतुसंसर्ग होतो आणि पुढचं निदानही गढूळ होतं.

फोटोत काय वाचायचं

पहिली तपासणी बहुतेक वेळा ओपीजी. डोक्याभोवती यंत्र फिरतं आणि दोन्ही जबडे, सगळे दात आणि दोन्ही सांधे एकाच लांबट फोटोत येतात. फिनलंडच्या यर्यो पाटेरो या दंतवैद्यानं हे तंत्र १९५० च्या आसपास विकसित केलं. एका फोटोत एवढं दाखवणारी, इतक्या कमी किरणोत्सर्गाची दुसरी सोय नाही. पण त्याला मर्यादा आहेत. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत फरक दिसत नाही. म्हणजे फोटोत गाठीची जी कड दिसते, त्याच्या पलीकडेही गाठ असू शकते. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागेल.

फोटो बघताना डॉक्टर तीन गोष्टी शोधतात. कड कशी आहे, आत काय आहे, आणि दातांशी नातं काय. पेन्सिलीनं आखल्यासारखी स्पष्ट, पांढरी कड म्हणजे गाठ हळू वाढतेय आणि हाडाला तिच्याभोवती कुंपण घालायला वेळ मिळालाय. कुरतडल्यासारखी अस्पष्ट कड दिसली की कपाळावर आठी पडते. आतला भाग पूर्ण काळा असेल तर तिथं द्रव किंवा मऊ पेशी आहेत, पांढरा असेल तर हाड किंवा दातासारखा कठीण पदार्थ. काळ्या भागात पातळ पडदे पडून साबणाच्या फेसासारखं किंवा मधाच्या पोळ्यासारखं दिसत असेल तर अमेलोब्लास्टोमा या हाडात शिरत जाणाऱ्या गाठीचं नाव पहिलं मनात येतं. सगळंच धुरकट, घासलेल्या काचेसारखं दिसलं, आणि ती धुरकट जागा कुठं संपते हेच सांगता येत नसेल, तर तंतुमय डिस्प्लेसिया, म्हणजे पक्क्या हाडाच्या जागी तंतू आणि कच्चं हाड येण्याचा आजार. दातांची मुळं बाजूला सरकली असतील तर गाठ सावकाश ढकलतेय; मुळं सुरीनं कापल्यासारखी आखूड झाली असतील तर ती जास्त आक्रमक आहे.

ओपीजी सपाट असतो. गाठ गालाकडे किती आणि जिभेकडे किती फुगलीय, हाडाचं कवच कुठं फुटलंय, नस नेमकी कुठून जातेय, हे कळायला सीटी किंवा दातांसाठीचं छोटं सीटी, म्हणजे सीबीसीटी लागतं. गाठ हाडाबाहेर मऊ भागात शिरल्याची शंका असेल तर एमआरआय.

सुई आधी, सुरी नंतर

आता बायोप्सी. हाडाच्या आतल्या गाठीचा तुकडा घेण्याआधी जाणकार सर्जन जाड सुई घालून आत काय आहे ते ओढून बघतो. पिवळसर पाणी आलं तर द्रवगाठ, म्हणजे सिस्ट, किंवा पोकळी असलेली गाठ. घट्ट, दह्याच्या कवडीसारखं काही आलं तर केराटोसिस्ट या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सिस्टचा संशय. काहीच आलं नाही तर गाठ भरीव. आणि सिरिंजमध्ये लालभडक रक्त आपोआप चढायला लागलं, तर तिथंच थांबायचं. जबड्याच्या हाडात कधीकधी रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, एक्स-रेत ते इतर गाठींसारखंच दिसतं. तिथं हाड उघडलं किंवा नुसता दात जरी उपटला, तरी जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. अशा पेशंटसाठी आधी रक्तवाहिन्यांची तपासणी करून त्या आतून बंद कराव्या लागतात. दोन मिनिटांची ही सुई कुणाला अनावश्यक वाटेल, पण ती टाळू नये.

तुकडा घेणं ही छोटी शस्त्रक्रिया आहे, बहुतेक वेळा फक्त जागा बधिर करून होते. 'तुकडा घेतला की गाठ पसरते' ही भीती अनेकांना असते. साध्या गाठीत तर पसरण्याचा प्रश्नच नाही, आणि तुकडा न घेता केलेली चुकीची शस्त्रक्रिया कितीतरी जास्त नुकसान करते. रिपोर्टला उशीर लागला तर घाबरू नका. तुकड्यात हाड असेल तर त्यातलं कॅल्शियम आम्लात विरघळवून तो मऊ झाल्याशिवाय पातळ कापच काढता येत नाहीत, आणि त्याला दिवस लागतात.

सूक्ष्मदर्शकही एकटा पुरा पडत नाही, हे बाहेरच्या माणसाला फारसं माहीत नसतं. एक उदाहरण देतो. काचपट्टीवर अनेक केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी दिसल्या. हा मध्यवर्ती जायंट सेल ग्रॅन्युलोमा असू शकतो. चेरुबिझम हा लहान मुलांचा आनुवंशिक आजार असू शकतो. किंवा गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असल्यामुळे हाडात झालेला 'ब्राउन ट्यूमर' असू शकतो. काचपट्टीवर तिन्ही जवळपास सारखेच. पहिल्यात जबड्यावर उपचार करायचा. दुसऱ्यात बहुधा मूल मोठं होईपर्यंत थांबायचं. तिसऱ्यात जबड्याला हातही न लावता गळ्यातल्या ग्रंथीवर इलाज करायचा, की जबडा आपोआप भरत येतो. फरक कशानं कळतो? रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासून, आणि पेशंटचं वय व एक्स-रे बघून. म्हणून पॅथॉलॉजिस्टकडे तुकड्यासोबत एक्स-रे गेलाच पाहिजे. तुमचा तुकडा तपासायला जाताना सोबत फोटो जातोय का, हे विचारण्यात काही गैर नाही.

ज्यांना हात लावायचा नाही

सुरुवात अशा गाठींपासून करतो, कारण त्यांच्यावर नको तेवढे उपचार होतात. खालच्या पुढच्या दातांच्या मुळांखाली काळे गोल डाग दिसतात, विशेषतः चाळिशीच्या आसपासच्या बायकांमध्ये. ते हुबेहूब मुळाशी पू झाल्यासारखे दिसतात. दातांना काहीच झालेलं नसतं, दात जिवंत असतात. याला सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेसिया म्हणतात. वर्षं जातात तसे काळे डाग आतून पांढरे होत जातात, बस. पण दात जिवंत आहे की नाही हे थंड लावून किंवा विजेच्या छोट्या यंत्रानं न तपासता थेट रूट कॅनाल केलं, तर चांगल्या दाताचा जीव जातो आणि डाग जागच्या जागी राहतो. बायोप्सीसुद्धा टाळायची, कारण या हाडात रक्तपुरवठा कमी असतो, जखम लवकर भरत नाही आणि जंतुसंसर्ग झाला तर निस्तरणं अवघड जातं. यातली सगळी औषधयोजना म्हणजे दात स्वच्छ ठेवा, ते काढायची वेळ येऊ देऊ नका आणि अधूनमधून फोटो काढा.

टाळूच्या मधोमध किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला जिभेला लागणारे कठीण उंचवटे पुष्कळांना असतात. एक दिवस अचानक ते जाणवतात आणि माणूस धसका घेतो. ते हाडाचे निरुपद्रवी उंचवटे आहेत, गाठ म्हणायच्याही लायकीचे नाहीत. कवळी बसवायला अडत असतील तरच तासायचे.

तंतुमय डिस्प्लेसियात जनुकातला एक बदल गर्भात पेशी विभागत असताना होतो. आई-वडिलांकडून तो आलेला नसतो, आणि तो सगळ्या पेशींत नसून काहींतच असतो. म्हणून शरीराचा काहीच भाग बाधित होतो. तिथलं पक्कं हाड जाऊन तंतू आणि कच्चं हाड येतं, चेहरा एका बाजूनं भरत जातो. वाढीचं वय संपलं की बहुतेकांत हे मंदावतं. त्यामुळे शक्यतो तोवर थांबून मग चेहऱ्याचा आकार नीट दिसेल इतकंच हाड तासतात. डोळ्याच्या नसेवर दाब आला तर मात्र थांबता येत नाही. किरणोपचार तर इथं मुळीच द्यायचे नाहीत, त्यानं साध्या आजाराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

ज्या काढल्या की विषय संपतो

ओडोन्टोमा ही यातली सगळ्यात सरळ. खरं तर ही दात बनवण्याच्या कामातली चूक आहे, दाताऐवजी चिमुकल्या दातांचा ढीग किंवा इनॅमल-डेंटिन या दाताच्या थरांचा गोळा तयार होतो. २०१९ साली चेन्नईत सात वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून अशी तब्बल ५२६ दातसदृश कणं निघाली होती. ओडोन्टोमा बहुधा कळते ती न आलेल्या दातामुळे. ती काढली की परत येत नाही, आणि वय लहान असेल तर अडकलेला दात तारा लावून खाली ओढता येतो.

किशोरवयीन मुलींमध्ये वरच्या सुळ्याभोवती होणारी ॲडिनोमॅटॉइड गाठ आवरणासकट अलगद सुटते. दाढेच्या मुळालाच चिकटून वाढणारा सिमेंटोब्लास्टोमा दुखतो, आणि दातासकट काढावा लागतो. ऑसिफाइंग फायब्रोमा एक्स-रेत तंतुमय डिस्प्लेसियासारखा वाटला तरी त्याला स्पष्ट कड असते आणि तो बाजूच्या हाडापासून वेगळा होतो. यातली बारीक मेख अशी, की एक थांबून बघायचा आजार आहे आणि दुसरा पूर्ण काढायचा, आणि दोघांचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखा दिसतो. लहान मुलांमधला ऑसिफाइंग फायब्रोमा तर झपाट्यानं वाढून पुन्हा पुन्हा येऊ शकतो, तिथं सरळ गाठ समजून गाफील राहू नये.

अमेलोब्लास्टोमा

लेखाच्या सुरुवातीला ज्या पेशंटला आख्ख्या दिवसाची शस्त्रक्रिया सांगितली, त्याच्या रिपोर्टवर बहुधा हेच नाव असतं. दाताचं इनॅमल बनवणाऱ्या पेशींसारख्या पेशींची ही गाठ. साधारण ८० टक्के वेळा खालच्या जबड्यात, त्यातही मागे दाढांच्या आणि कोपऱ्याच्या भागात होते, बहुधा तिशी-चाळिशीत. दुखत नाही, वेगानं वाढत नाही. दुर्लक्षित राहिली तर चेहऱ्याहून मोठी होऊ शकते.

हिला साधी म्हणूनही एवढी भीती का? स्पंजावर शाईचा थेंब टाका. वर छोटा डाग दिसतो, पण शाई छिद्राछिद्रांतून बरीच पुढे गेलेली असते. जबड्याच्या आतलं हाड असंच जाळीदार असतं, आणि अमेलोब्लास्टोमाच्या पेशी त्या जाळीतून फोटोत दिसणाऱ्या कडेच्या २ ते ८ मिलिमीटर पुढे गेलेल्या सापडतात. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट हीच. गाठ चमच्यासारख्या हत्यारानं कितीही काळजीपूर्वक खरवडली तरी या पेशी मागे राहतात. म्हणून नुसतं खरवडल्यावर ती परत येण्याचं प्रमाण फार मोठं आहे, आणि दिसणाऱ्या कडेपासून १ ते २ सेंटीमीटर निरोगी हाडासकट काढल्यावर ते बरंच खाली येतं. परत येते तेव्हा ती पुष्कळदा हाडाबाहेर मऊ भागात येते आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी होते. वरच्या जबड्यात तर ती डोळ्याकडे किंवा कवटीच्या तळाकडे सरकली की पुन्हा गाठणंच कठीण. माझं मत स्पष्ट आहे. नेहमीच्या प्रकारच्या अमेलोब्लास्टोमात चेहरा वाचवण्यासाठी केलेली अर्धवट शस्त्रक्रिया चेहरा वाचवत नाही, नुकसान पुढे ढकलते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पंधरा-पंचवीसच्या वयात, बहुधा अडकलेल्या अक्कलदाढेभोवती, एकाच पोकळीची अमेलोब्लास्टोमा होते. फोटोत ती साध्या दंतसिस्टसारखी दिसते. तिच्यात गाठीच्या पेशी पोकळीच्या अस्तरापुरत्याच असतील तर कमी कापून भागतं. त्या भिंतीत शिरल्या असतील तर नेहमीच्या अमेलोब्लास्टोमासारखं वागावं लागतं. हे संपूर्ण अस्तर तपासल्यावरच कळतं. त्यामुळे 'सिस्ट' म्हणून काढलेली प्रत्येक पिशवी प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे. ती कचऱ्यात टाकणं हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

२०१४ साली या गाठीबद्दल एक मोठी गोष्ट कळली. खालच्या जबड्यातल्या बहुतेक अमेलोब्लास्टोमांत बीरॅफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल असतो. तोच बदल मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगातही सापडतो, आणि त्याच्यावर गोळ्या आधीपासून होत्या. तेव्हापासून शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या काही पेशंटमध्ये, आणि अलीकडे मोठी गाठ आधी लहान करून मग कमी हाड कापण्यासाठी, या गोळ्या दिल्या गेल्या आहेत. गाठी आक्रसल्याचं दिसलं आहे. शस्त्रक्रियेची जागा त्यांनी घेतलेली नाही, पण तरुण पेशंटचा जबडा वाचवण्याची ही खरी आशा आहे आणि मला तिचा मनापासून आनंद वाटतो.

याच पंगतीतली आणखी एक म्हणजे मिक्सोमा. जेलीसारखी बुळबुळीत, आवरण नसलेली. तीही जाळीत शिरते, आणि मोठी असेल तर कडेचं हाड घेऊनच काढावी लागते.

एक सिस्ट, दोनदा बदललेलं नाव

ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट हे नाव १९५६ साली फिलिप्सेन या संशोधकांनी दिलं. तिचा पडदा पातळ, फाटका, काढताना तुकडे होणारा, आणि आजूबाजूला छोट्या सिस्टची पिल्लं सोडणारा. त्यामुळे ती परत येते. हे बघून जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये तिला सिस्टच्या यादीतून काढून गाठींच्या यादीत टाकलं, आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणलं. नाव बदललं म्हणून वागणूक बदलली नाही, तुमच्या जुन्या रिपोर्टवर वेगळं नाव असेल तर गोंधळू नका एवढंच.

ही मोठी असेल तर एक छान, संयमाचा मार्ग आहे. सिस्टला छोटी खिडकी पाडून नळी बसवतात आणि आतला दाब काढून घेतात. जर्मन सर्जन पार्श यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेल्या युक्तीचंच हे पुढचं रूप. पेशंटनं घरी रोज सिरिंजनं आत धुवायचं. काही महिन्यांत हाड भरत येतं, नस आणि दातांची मुळं दूर होतात, आणि उरलेली छोटी सिस्ट काढणं सोपं होतं. काढल्यावर कडेचं हाड थोडं घासून तिथं कार्नॉय द्रावण किंवा फ्लुरोयुरासिलचं मलम लावतात, उरल्यासुरल्या पेशी मराव्यात म्हणून. अशा सिस्ट एकाच माणसाला अनेक असतील, तर गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा विचार करून त्वचेची आणि कुटुंबाची तपासणी करावी.

असाच इशारा ऑस्टिओमाही देते. जबड्यावर एखादी टणक हाडाची गाठ निरुपद्रवी असते. पण अशा गाठी अनेक ठिकाणी असतील तर गार्डनर सिंड्रोम हा आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे अस्तरावरचे छोटे कोंभ, होतात आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर त्यांचा कर्करोग होतो. जबड्यातल्या गाठी पॉलिपच्या आधी दिसू शकतात. अशा वेळी दंतवैद्यानं लिहिलेली कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीनं तपासण्याची, चिठ्ठी जीव वाचवते.

जायंट सेल ग्रॅन्युलोमाबद्दल वर आलंच. लहान असेल तर खरवडून बरा होतो. मोठ्या किंवा आक्रमक गाठीत, विशेषतः मुलांमध्ये, गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शनं, कॅल्सिटोनिन हे हार्मोन, किंवा हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखणारं डेनोसुमॅब वापरून शस्त्रक्रिया टाळता किंवा लहान करता येते. डेनोसुमॅब थांबवल्यावर मुलांच्या रक्तात कॅल्शियम एकदम वाढू शकतं, म्हणून देखरेख हवीच.

हाड काढल्यावर

सगळ्या मोठ्या शस्त्रक्रिया सारख्या नसतात. खालच्या जबड्याची खालची कड निदान सेंटीमीटरभर निरोगी राहत असेल, तर वरचा भाग कापून जबडा सलग ठेवता येतो. चेहऱ्याचा आकार टिकतो, चावणंही बऱ्यापैकी. कड वाचत नसेल तर आख्खा तुकडा काढावा लागतो, आणि मग दोन टोकं टायटॅनियमच्या प्लेटनं जोडतात. नुसती प्लेट वर्षानुवर्षं चावण्याचा भार सोसत नाही, ती मोडू शकते किंवा त्वचेतून बाहेर डोकावू शकते. म्हणून जिवंत हाड हवं.

ते बहुधा पोटरीतून येतं. पोटरीत दोन हाडं असतात. बाहेरच्या बाजूचं सडपातळ हाड, फिब्युला, शरीराचं फारच थोडं वजन उचलतं. गुडघ्याजवळचं आणि घोट्याजवळचं काही सेंटीमीटर हाड जागेवर ठेवून मधला भाग त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढतात, जबड्याच्या वळणाप्रमाणे तुकडे करून बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. फिब्युला अशी दुसरीकडे बसवण्याचं काम १९७५ मध्ये सुरू झालं, आणि १९८९ मध्ये सर्जन हिडाल्गो यांनी ती जबड्यासाठी वापरली. आता सीटीवरून जबड्याचा त्रिमितीय नमुना छापून, हाड कुठं कापायचं याचे साचे आधीच बनवता येतात. पेशंट सहसा काही दिवसांतच चालायला लागतो. हाड जुळल्यावर त्यात इम्प्लांट बसवून दात लावता येतात. तुकडा लहान असेल तर कमरेच्या हाडाची कलमही चालते.

यात न बोलल्या जाणाऱ्या गोष्टीही आहेत. नस कापावी लागली तर अर्धा खालचा ओठ बधिर राहतो, सुरुवातीला पाणी पिताना ते ओघळतं. तोंड उघडायचा व्यायाम रोज केला नाही तर जबडा आखडतो. काही आठवडे फक्त पातळ, मऊ खावं लागतं. हे शस्त्रक्रियेच्या आधी कुणीतरी समोर बसून सांगायला हवं, आणि नंतरचे दात कधी, कसे बसवणार याचा आराखडाही त्याच वेळी हवा. चघळता येणं हा उपचाराचाच भाग आहे.

अमेलोब्लास्टोमा आणि केराटोसिस्ट दहा वर्षांनंतरही परत आल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे पहिली काही वर्षं दर सहा-बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा फोटो, निदान दहा वर्षं, आणि शक्यतो त्यापुढेही. दुखत नसताना, सगळं ठीक असताना जायचं असतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी बहुतेकजण सोडून देतात. शस्त्रक्रियेआधीचे एक्स-रे आणि सीटीची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट, आणि शक्य असेल तर तुकडा जतन केलेल्या मेणाच्या ठोकळ्याचा व काचपट्ट्यांचा क्रमांक एका फाइलीत ठेवा. काही वर्षांनी नव्या डॉक्टरसमोर बसाल तेव्हा फोटोत दिसणारी सावली जुनी आहे की नवी, हे त्या फाइलीतल्या पहिल्या फोटोशी ताडूनच कळेल.